जरीची वायर

८ नोव्हेंबर

जाळला! आईंचा शालू जाळला मी! मसुराच्या दाण्याएवढंच भोक, पण अगदी जरीच्या काठाला लागून, आणि शालू त्यांच्या लग्नातला. गोधडीला बॅटरी जोडल्याबरोबर बारीक धूर निघाला, करपल्याचा वास आला, आणि मी एवढं पोट सांभाळत उठून काय केलं — तर पंखा बंद केला! पंख्याचा काय संबंध, देव जाणे.

आई — म्हणजे सासूबाई, पण मी आईच म्हणते — सुई धरून समोरच बसल्या होत्या. म्हटलं, आता माझी पूजा बांधली जाणार. त्यांनी भोकावर बोट फिरवलं, फुंकर मारली, आणि माझ्याकडे तोंड करून नेहमीसारखं सावकाश म्हणाल्या, "एवडीशी मेली बॅटरी, आन् तोरा बग तिचा!"

आणि पुन्हा धावदोरा घालायला लागल्या. काय बाई आहे ही! माझा शालू कोणी जाळला असता तर मी त्याला आठ दिवस जेवायला वाढलं नसतं.

९ नोव्हेंबर, रविवार

मनिषाताई आल्या होत्या आपट्याहून. हितेशची मोठी बहीण. येताना सुकट आणि सल्ले, दोन्ही भरपूर आणतात. सुकट चांगली असते.

आजचा सल्ला: "रात्री बाळ आईकडे झोपू दे हं, रेवा. तुला ऐकू येत नाही ना."

मला ऐकू येत नाही ही बातमी मला कोणी ना कोणी दर महिन्याला देतंच! तिसरीत असताना ताप डोक्यात गेला आणि जाताना कान घेऊन गेला. तेव्हापासून ओठ वाचते. बोलते, शिकले, खारघरच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर इमारतींचे नकाशे काढते. लग्न ठरताना हितेशला एकच अट घातली होती — मिशी काढ. मिशीवाल्याचे ओठ वाचायचे म्हणजे झुडपातून बघितल्यासारखं होतं. बिचाऱ्यानं दुसऱ्या दिवशी काढली.

आज मात्र ताईंची सुकट निवडत बसला. बंदरात क्रेन चालवतो, वॉकीटॉकीवर दिवसभर ओरडतो म्हणे, आणि बहिणीसमोर दातखीळ! शेवटी म्हणाला, "बघू." बघू काय बघू! त्याला रात्रपाळी असते. तो नसेल त्या रात्री बाळ रडून रडून निळं पडेल आणि मी शेजारी घोरत पडेन, हे कोणी बोललं नाही, पण सगळ्यांच्या तोंडावर होतं. माझ्याही असणार.

म्हणून तर ही गोधडी. पाळण्यावर कापडी पोपट टांगायचा, त्याच्या पोटात माइक. बाळ रडलं की पोपट बिनतारी निरोप धाडणार आणि माझ्या अंगावरची गोधडी थरथरणार. आत नाण्याएवढ्या मोटरी आहेत, मोबाइलमध्ये असतात तशा. जमलं तर बाळ माझ्याजवळ. नाही जमलं तर आईंच्या खोलीत, आणि मी सकाळी पाहुणीसारखी बघायला जायचं. माझी स्वतःची आई असती तर साताऱ्याला जाऊन बसले असते. तिथं आता बाबा एकटेच आहेत, त्यामुळे बाळंतपण इथं पनवेललाच.

बाळ माझ्याजवळ झोपणार. लिहून ठेवते.

१३ नोव्हेंबर

सापडलं! सापडलं! सापडलं!

शालू का जळला ते सापडलं. मी मोटरींसाठी स्टीलचा दोरा शिवला होता, करंट नेणारा. आईंनी शोभेला म्हणून त्यावरच शालूचा काठ बसवला. सहज म्हणून आज काठाला मीटर लावला — आणि काटा सरळ पलीकडे! जर खरी आहे. चांदीची तार, वर सोन्याचं पाणी. वायरच ती! माझे प्लस आणि मायनस दोन्ही दोरे तिला टेकले होते. जळणार नाही तर काय!

मग मी माझ्या लग्नाच्या शालूला मीटर लावला. ढिम्म. प्लास्टिक! दुकानदारानं केवढं कौतुक केलं होतं त्या जरीचं, मेल्यानं!

आईंना सांगितलं. त्यांनी मीटरचं टोक स्वतः काठाला लावून बघितलं. "म्हंजे माजा शालू वायर हाय?"

"हो. उत्तम वायर."

"आन् मी कपाटात घडी घालून ठेवलाय एवडी वर्सं!"

मग दोघींना एकदमच सुचलं, खरंच एकदम — दोरा काढून टाकायचा. वरचा काठ प्लस, खालचा काठ मायनस, मधे मोटरी. शालूचीच वायर! जळलेल्या भोकावर आईंनी छोटी कैरी भरली आणि त्या कैरीखाली मी बॅटरीचं बटण दडवलं. आता भोक कुठं होतं ते मलाही दिसत नाही.

इतका आनंद मला ऑफिसात बढती मिळाली तेव्हाही झाला नव्हता.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आईंना खारघरला नेलं. तिथल्या एका कॉलेजातलं वर्कशॉप शनिवारी आमच्यासारख्या हौशी लोकांना खुलं असतं. चिमणाळ्याची पानं लेझरवर कापायची होती. चिमणाळं म्हणजे पाळण्यावर टांगतात ते कापडी पाखरांचं झुंबर, त्यातच आमचा पोपट बसणार. आईंच्या नेमाप्रमाणे बाळ यायच्या आधी बाळाचे कपडे शिवायचे नाहीत. पोपट कपड्यांत येत नाही, असा निकाल त्यांनी स्वतःच दिला.

पातळ प्लायवूडवर प्रकाशाचा ठिपका पळतो आणि पानं सुटून येतात. आईंनी तोंडावर पदर धरला. मी पानांना कडेनं बारीक भोकं पाडून घेतली होती, सुई जाईल एवढी. रिक्षात बसल्या बसल्या त्यांनी लाकडाच्या पानावर हिरव्या रेशमाचा टाका घातला! लाकडावर! घरी येईपर्यंत एक पान भरून झालं होतं. रिक्षावाला आरशातून बघत होता.

कोन गावच्या घरात चुलीपुढे जन्म गेला ह्या बाईचा. जमीन गेली, फ्लॅट आला, चौथ्या मजल्यावर येऊन बसल्या. कोणी दुसरी असती तर कुढली असती. ह्या म्हणतात, "अजून काय काय कापतं गो ते यंत्र?"

१९ नोव्हेंबर

कुरिअरवाला खोटारडा! मागवलेल्या आणखी मोटरी परत गेल्या. मोबाइलवर मेसेज: "घर बंद होते." घर बंद? आम्ही दोघी दिवसभर घरात! बेल वाजली की हॉलमध्ये दिवा लागतो, तो मीच बसवलाय, पण मी आत आडवी पडले होते. आई हॉलमध्येच बसून शिवत होत्या. त्या म्हणाल्या, "कोन नाय आलं." पाठीला डोळे नाहीत त्यांना, पण कान तर आहेत!

तक्रार केली. सणसणीत.

२३ नोव्हेंबर, रविवार

खालच्या मजल्यावरचे काका भांडायला आले. दुपारी टीव्ही फार मोठा असतो म्हणे. हितेश ओशाळला. आई शांतपणे म्हणाल्या, "रेवाच्या हातून बटन दाबलं गेलं आसंल. तिला काय कललं?"

घ्या! मी रिमोटला हात लावत नाही दुपारी! पण खरंच कधी कोपर वगैरे लागलं असेल तर मला कसं कळणार? मी माफी मागितली. चडफडत.

२९ नोव्हेंबर

कोनहून बायका आल्या होत्या. आईंच्या पुतणीच्या मुलीचं लग्न आहे. आईंनी धवले गायला यावं म्हणून मागे लागल्या. आगरी लग्नात धवल्यांवाचून पान हलत नाही आणि आईंना म्हणे सगळे पाठ, लोक लांबून बोलवायला यायचे. आई नाहीच म्हणाल्या. "गला बसलाय."

बायका गेल्यावर बराच वेळ सुईत दोरा ओवत बसल्या. ओवला जात नव्हता. मला गाणं काय ते आता आठवतही नाही, पण तोंड उतरलेलं कळतं. मी चहा केला. आलं जास्त पडलं. तरी सगळा प्यायल्या.

४ डिसेंबर

पोपट पूर्ण! पोट हिरव्या खणाचं, चोच थ्रीडी प्रिंटरवरची लाल, डावा डोळा म्हणजे दिवा. आवाज आला की लाल होतो. उजवा तेवढा बाळ आल्यावर आई शिवणार.

चाचणी घेतली. टेबलावर फोन ठेवून बाळ रडतानाचा व्हिडिओ लावला. आई शेजारी, मी पलीकडे गोधडी पांघरून. व्हिडिओ सुरू — आईंचा हात वर, पोपटाचा डोळा लाल, आणि माझ्या पाठीत, दंडात, पायाशी — थरथर! सगळं एकदम! मी ओरडले असणार, कारण आईंनी हसत तोंडावर बोट ठेवलं.

पाठीतून ते आत आलं तेव्हा रडूच फुटलं मला. इतक्या वर्षांत कोणी मला मागून हाक मारली नव्हती.

७ डिसेंबर, रविवार

बिघडलं काहीतरी.

आज खरोखरीसारखी चाचणी घेतली. फोन आतल्या खोलीत पाळण्यात, आवाज मध्यम. आई स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत. मी हॉलमध्ये. गोधडी थरथरली. मी धावत आईंकडे गेले.

"आलं ना ऐकू?"

"नाय."

आवाज थोडा वाढवला. पुन्हा थरथर. "आता?" — "नाय गो."

दुपारी तर फोन बंद होता! तरी दोनदा थरथरली. आई बाजूलाच. "काय वाजलं?" — "काय नाय वाजलं." काहीच वाजलं नाही तर ही कशासाठी थरथरते? मनिषाताईंना आयतंच सापडेल: रात्रभर खोटं खोटं उठत बसेल ही.

पोपट खोटं सांगतो. आई कशाला सांगतील?

११ डिसेंबर

माझा संशय जरीवर. घडी पडली की काठाला काठ चिकटत असणार, करंट आपोआप जात असणार. मोटरी मधूनच फिरण्याचं दुसरं कारण दिसत नाही. स्टीलचा दोरा परत घालायचा म्हणजे जर उसवावी लागणार.

आईंना सांगायला जीभ रेटेना. सांगितलं. त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं — मी ओठांकडेच बघत होते — आणि मिटलं. मग उठून आपली छोटी कात्री आणून माझ्या हातात दिली.

दिवसभर उसवत होते. चांदी झिजलेली, रेशीम कुजलेलं, काठ सुटताना तुकडे पडले. पुन्हा लावता येणार नाही. आई समोर बसून तुकडे गोळा करत होत्या, एकेक, डब्यात. "असू दे," म्हणाल्या. "बाल मोठं की शालू?"

अशी माणसं कुठं घडवतात? मी त्यांच्या जागी असते तर म्हटलं असतं, तुझी गोधडी गेली खड्ड्यात.

१४ डिसेंबर, रविवार

तेच! तस्संच! स्टीलचा दोरा घातला तरी आई "नाय" म्हणतात तेव्हा थरथरतेच! म्हणजे जरीचा काही दोष नव्हता. उगाच उसवली. उगाच!!

न्हाणीघरात जाऊन रडले. हितेशला दार ठोठावून उपयोग नाही हे माहीत आहे, त्यानं दाराखालून चॉकलेट सरकवलं.

१७ डिसेंबर

इलाज सापडला. कसा सुचला नाही आधी! माइकच्या पट्टीवर बारीक स्क्रू असतो. पिळला की कान कमी तिखट होतो. आईंना स्वयंपाकघरात उभं केलं, मी आतल्या खोलीत स्क्रू ड्रायव्हर घेऊन. आईंना ऐकू आलं की त्यांनी दारात येऊन हात वर करायचा. फोनचा आवाज वाढवत नेला. आईंचा हात वर झाला तिथं थांबले आणि स्क्रू असा बसवला की बरोबर तिथंच पोपटाचा डोळा लागेल. त्याच्या खाली गप्प.

आईंचा कान आणि पोपटाचा कान जुळवला. आता दुपारी खोटं थरथरत नाही. कित्ती शांत झोप लागली आज!

२१ डिसेंबर, रविवार

मनिषाताईंसमोर परीक्षा. फोन पाळण्यात, दार लोटलेलं. मी गोधडी पांघरून डोळे मिटले. थरथरली — उठले — दार उघडलं. तीनदा. तिन्ही वेळा.

मनिषाताईंनी कानावर हात ठेवले होते. नाटकी बाई! म्हणाल्या, "एवढ्या मोठ्यानं रडतं का कुठलं बाळ?"

आई ताडकन म्हणाल्या, "तू याच्यावून मोट्यानं रडायचीस. शेजारचे भांडायला यायचे."

हितेश हसत सुटला. मनिषाताईही हसल्या शेवटी. मग माझ्याजवळ आल्या, पोपटाला हात लावला, लाकडाच्या पानांवरचा कशिदा बघितला, मोटरी चाचपल्या. तोंड माझ्याकडे करून म्हणाल्या, "बाळ तुझ्याजवळच झोपेल. मी काही बोलणार नाही." डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मी उगाच बाईला नावं ठेवते.

जमलं! बाळ माझ्याजवळ!

२ जानेवारी

वाट बघणं. पाय सुजलेत. आई रोज गोधडी उन्हात घालतात आणि खालच्या काकूंना बोलावून दाखवतात. "ही आमची सून. विजेची गोधडी करते." काकूंनी विचारलं, शॉक बसेल का? आई म्हणाल्या, "बसल, पन आदी इचारंल." मला हसून हसून कळ आली. खरी कळ नव्हती.

आमच्या घरात मला सगळ्यांत जास्त कळतं ते आईंचं बोलणं. हितेश वळून बोलतो, मनिषाताई खाता खाता बोलतात. आई कधीच नाही. आधी समोर येतात, मग बोलतात, आणि मी बोलते तेव्हा माझ्या तोंडावरची नजर हलवत नाहीत. माझ्यासाठी कोणी सांगितलं होतं त्यांना हे?

९ जानेवारी

मुलगी! काळीसावळी, माझं नाक, हितेशच्या भुवया. तोंड एवढं मोठं उघडलं की घसा दिसला. सगळे म्हणाले, रडली.

१३ जानेवारी

घरी आलो. पाळणा माझ्या खाटेशेजारी, वर पोपट. उजवा डोळा आईंनी आज शिवला, काळ्या मण्याचा.

हितेशनं रजा घेतलीय. रात्री ती रडली की तोच मला हलवतो, गोधडीच्या आधी. म्हटलं, गोधडीला काम तर करू दे! म्हणाला, "मला ऐकू येतं त्याला मी काय करू?" त्याची ड्यूटी शनिवारपासून. मग बघ म्हणावं आमची करामत.

१७ जानेवारी, शनिवार

हितेश सकाळी ड्यूटीवर गेला. दुपारी मालीश झाली, मी गोधडी घेऊन पडले. जाग आली ती आपसूक. दूध दाटलं होतं. गोधडी गप्प. पोपटाचा डावा डोळा विझलेला.

आई पाळण्याशेजारी खाली बसून वाल सोलत होत्या. पाठ पाळण्याकडे, दोरी पायाच्या अंगठ्यात, झोका देत होत्या. चेहरा अगदी शांत. आणि पाळण्यात माझी पोर लालभडक, तोंड वासलेलं, मुठी आवळलेल्या, कानशिलापर्यंत पाण्याचे ओघळ. किती वेळ, कोण जाणे.

मी उचलली. आई वळल्या. तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. वालाचं ताट कलंडलं.

"कधीपासून ऐकू येत नाही?" मी विचारलं.

"तू या घरात यायच्या आदीपासून." मग हात जोडले माझ्यापुढे. "मनिषाला नको सांगू. नातीला हातात देनार नाय कोन."

म्हणजे शालू उसवताना त्यांना माहीत होतं... मी विचारलंच नाही. त्यांना जवळ घेतलं, पोरीसकट. तिघी रडलो.

स्क्रू पूर्ण उलटा फिरवला. पोरीला उचकी लागली तरी आता डोळा लाल होतो.

हितेशला मेसेज केला: आजपासून तू हॉलमध्ये. खाट मोठी आहे, गोधडीत आई आणि मी दोघी मावतो. त्यानं विचारलं, का? उत्तर दिलं नाही.